हसू कुणाच्या बाजूनं पडलं? वडगावातल्या एका रंगमंचीय विनोदी मालिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावच्या दक्षिणेला शहापूर, वडगाव, खासबाग हा यंत्रमागांचा पट्टा आहे. गल्लीत शिरलं की मागांची खडखड आधी ऐकू येते, घर नंतर दिसतं. एकाच शेडमध्ये मराठी आणि कन्नड बोलणारे विणकर शेजारी-शेजारी उभे असतात. सूत त्याच व्यापाऱ्याकडून घेतात आणि साडी त्यालाच देतात. मजुरी साडीवर ठरते, महिन्यावर नाही.

या भागातल्या एका हौशी नाट्यगटानं गणेशोत्सवातल्या एकांकिकांच्या पलीकडे जायचं ठरवलं. तेच घर, तीच माणसं, दर महिन्याला एक नवा भाग, अशी विनोदी मालिका त्यांना रंगमंचावर आणायची होती. भाग पंचवीस मिनिटांचे, एकूण सहा. गटात शिक्षक, बँकेतले कर्मचारी, कॉलेजची मुलं-मुली आणि मागावर काम करणारे दोघं-तिघं होते. लिहिणारे मात्र सगळे पगारदार होते. पुढं जे घडलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ इथं आहे.

लेखनाआधी गटानं एका वाचनालयाच्या खोलीत जुन्या मालिका पाहिल्या. मराठीत हाताशी होत्या दूरदर्शनची ‘चिमणराव’ आणि पुढची ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. दोन्हींत दिलीप प्रभावळकर, दोन्हींत मध्यमवर्गीय घर. आपल्याकडच्या मालिकेतलं विनोदी घर म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढं पुण्या-मुंबईचं पांढरपेशं घरच येतं, हे तिथंच लक्षात यायला हवं होतं. हिंदीत दिग्दर्शक कुंदन शाह यांचं नाव वारंवार येत राहिलं. १९८४ च्या ‘ये जो है जिंदगी’मध्ये नोकरदार जोडपं होतं. (तिचे लेखक शरद जोशी म्हणजे हिंदीतले व्यंगकार. निपाणीच्या १९८१ च्या तंबाखू आंदोलनातले शरद जोशी निराळे. सीमाभागात हा घोळ नेहमी होतो.) दोनच वर्षांनी सईद मिर्झांबरोबर केलेल्या ‘नुक्कड’मध्ये इलेक्ट्रिशियन, सायकल दुरुस्तीवाला, घरकाम करणारी बाई, दारुडा आणि भिकारी होते. १९८८ मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून ‘वागळे की दुनिया’ आली आणि पुन्हा कारकुनाचं घर दिसलं.

मनानं गटाला ‘नुक्कड’ हवी होती, पण खर्चात ती बसेना. रस्त्याचा कोपरा उभा करायचा तर दहा-बारा पात्रं लागतात, दर महिन्याला ती सगळी मोकळी सापडत नाहीत आणि नेपथ्य वाहायला टेम्पो लागतो. म्हणून एक खोली आणि चार पात्रांचा साचा निवडला. तो होता अमेरिकी निर्माते नॉर्मन लिअर यांच्या ‘ऑल इन द फॅमिली’चा: हेकट बाप, भोळी आई, मुलगी आणि विरुद्ध मताचा जावई. लिअर यांनी तो ब्रिटनच्या ‘टिल डेथ अस डू पार्ट’वरून रीतसर हक्क विकत घेऊन बेतला होता. गटानं पात्रं किंवा संवाद उचलले नाहीत, फक्त घराची मांडणी घेतली. सार्वजनिक प्रयोग करणाऱ्या कुणालाही हीच मर्यादा पाळावी लागेल, कारण संवाद आणि पात्रं ही कुणाची तरी मालमत्ता असते.

पहिला खर्डा

पहिल्या लेखनात बाप म्हणजे आप्पा निवृत्त कारकून होते. जावई बसवराज कन्नड भाषिक, कॉलेजात प्राध्यापक. आई म्हणजे आक्का साधी आणि मुलगी मधल्यामध्ये सापडलेली. आप्पांच्या तोंडी कन्नड लोकांबद्दल टोचरी वाक्यं होती आणि बसवराज प्रत्येक वाक्याला शांतपणे मुद्देसूद उत्तर द्यायचा. आप्पांचा हेकटपणा उघडा पडेल आणि प्रेक्षक त्यांना हसतील, अशी लेखकांची खात्री होती.

अडचण

वडगावातल्या एका दिवाणखान्यात चाळीसेक माणसांपुढं जाहीर वाचन झालं. मधोमध एका खुर्चीवर मोबाइल ठेवून आवाज नोंदवला होता, त्यामुळं नंतर आठवणींवर वाद झाला नाही. नोंद ऐकताना तीन गोष्टी स्पष्ट झाल्या.

आप्पांच्या टोचऱ्या वाक्यांना हशा आला, पण त्यात टाळ्याही होत्या. माणूस फजित झाला की लोक हसतात. टाळी मात्र तो आपल्या मनातलं बोलला की पडते.

बसवराजच्या उत्तरांना शांतता होती. चांगलं उत्तर म्हणून आलेली नव्हे, कंटाळ्याची. खुर्च्या सरकल्याचा आवाज नोंदीत आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत बोचरी होती. कांड्या भरायला, म्हणजे मागासाठी सूत कांडीवर गुंडाळायला, जाणाऱ्या शेजारणीवर एक विनोद होता, तिला ‘मेल’ म्हणजे रेल्वे वाटते असा. मागच्या रांगेत कांड्या भरणाऱ्या बायकाच बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत आणि चहाला न थांबता निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात दोन बाजूंनी निरोप आले. कन्नड माणसाची टिंगल चालणार नाही, असं एका बाजूनं सांगितलं. जावयाला एवढा शहाणा दाखवून सीमाप्रश्नाची थट्टा करता का, असं दुसरीनं विचारलं. एकाच संहितेवर दोन उलट आरोप आले, म्हणजे संहितेत काय म्हणायचं आहे हे कुणालाच दिसलं नव्हतं.

हे आधी कुठं घडलं होतं

‘ऑल इन द फॅमिली’ १२ जानेवारी १९७१ ला सीबीएसवर सुरू झाली तेव्हा पहिल्या भागाआधी पाटी दाखवली होती: आपल्या उणिवा आणि पूर्वग्रह यांवर विनोदानं प्रकाश टाकण्याचा हा प्रयत्न आहे. तरीही १९७४ मध्ये नील विडमार आणि मिल्टन रोकीच यांनी अमेरिकेतले विद्यार्थी आणि कॅनडातले प्रौढ यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निघालं ते असं: ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त, त्यांना मालिकेतला हेकट बाप आर्ची बंकर अधिक आवडला आणि शेवटी तोच जिंकतो असंही वाटलं. कमी पूर्वग्रहाच्या माणसांनी त्याच भागांत त्याची फजिती पाहिली. ब्रिटनमध्ये ‘टिल डेथ अस डू पार्ट’चे लेखक जॉनी स्पाइट यांच्या अल्फ गार्नेट या तसल्याच बापाच्या वाट्याला हेच आलं होतं. लिहिलं विरोधात, आणि अनेकांनी तो आपला माणूस म्हणून उचलून धरला.

इथवर गटाला दिलासा मिळाला, पण उपाय सापडला नाही. तो एका साध्या निरीक्षणातून आला. आर्ची कारखान्यातल्या माल चढवण्या-उतरवण्याच्या फलाटावरचा फोरमन आहे आणि जोड कमाईसाठी टॅक्सीही चालवतो. जावई माइक शिकतो आणि सासऱ्याच्या घरी राहून त्याच्याच टेबलावर जेवतो. भांडण वंशाचं आणि युद्धाचं दिसतं, पण त्याच्या खाली कष्टकऱ्याच्या घरात बसून शिकवणारा शिकलेला तरुण आहे. कष्टाची कमाई खाणाऱ्या प्रेक्षकाला माइकचं म्हणणं पटलं तरी माइक पटत नाही.

वडगावात हेच झालं होतं, उलट अधिक तीव्रपणे. बसवराज एकाच वेळी कन्नडही होता आणि प्राध्यापकही. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जण भाषेवर वाजवत होते आणि किती जण साहेबाला गप्प केल्याबद्दल, हे वेगळं काढता येत नव्हतं. सीमाभागात भाषेचा राग आणि वर्गाचा राग एकाच तोंडातून बाहेर पडतात. लेखकानं ते सोडवले नाहीत तर प्रेक्षक सोडवणार नाही.

समोरचे पर्याय

भाषेचा विषय काढून टाकायचा, हा पहिला पर्याय. सुरक्षित होता. पण १ नोव्हेंबरला एका गल्लीत कर्नाटकचा राज्योत्सव आणि दुसऱ्या गल्लीत मराठी माणसांचा काळा दिवस पाळणाऱ्या गावात भाषेचं नाव न घेणारं घर खोटं वाटलं असतं. हा पर्याय सोडला.

सुरुवातीला निवेदन करायचं, हा दुसरा. १९७१ च्या पाटीचा अनुभव पाहता तो पुरा पडणार नव्हता.

तिसरा पर्याय आप्पांना आणखी भडक करण्याचा, म्हणजे कुणालाच ते आपले वाटणार नाहीत. याचे समर्थक बरेच होते. त्याविरुद्ध सर्वांत उपयोगी उदाहरण ठरलं ‘गुड टाइम्स’चं. शिकागोच्या सरकारी वसाहतीतल्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबाची ही मालिका १९७४ मध्ये सुरू झाली. थोरल्या मुलाची, जेजेची, एक आरोळी लोकप्रिय झाली आणि मालिका त्या आरोळीभोवती फिरू लागली. आईबापाची भूमिका करणारे एस्थर रोल आणि जॉन अमोस दोघंही या दिशेवर नाराज होते. अमोस यांना १९७६ मध्ये काढण्यात आलं आणि पुढं रोल यांनीही काही काळ मालिका सोडली. भडक पात्र टीका करत नाही, ते विकलं जातं. आप्पांचं पेटंट वाक्य खर्ड्यात होतं, ते या चर्चेनंतर कायमचं गेलं.

चौथा पर्याय जावयाला अधिक जोरदार उत्तरं देण्याचा होता. वाचनाच्या नोंदीनं तो निकालात काढला.

पाचवा म्हणजे घराची आर्थिक मांडणीच बदलायची. काम सर्वांत जास्त यात होतं आणि जाहीर केलेली तारीख त्यामुळं पुढं जाणार होती. गटानं तो निवडला. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच.

काय केलं

*पात्रांची कमाई.* आप्पा आता यंत्रमाग कामगार झाले, पूर्वी स्वतःचे दोन माग असलेले आणि ते विकावे लागलेले. बसवराज उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कंत्राटी कामावर आला. घरात किराणा तो भरतो. एवढ्या बदलानं जावयाची अर्धी भाषणं आपोआप गळून पडली, कारण पाळीवरून आलेला माणूस जेवताना व्याख्यान देत नाही. आक्का कांड्या भरते. बाजारात आणि शेडमध्ये ती दोन्ही भाषा सहज बोलते आणि त्यात काही विशेष आहे असं तिला वाटत नाही.

*किंमत मोजण्याचा नियम.* आप्पांच्या प्रत्येक टोचऱ्या वाक्याची किंमत पुढच्या तीन पानांत त्यांनाच मोजावी लागली पाहिजे, आणि ती पैशात, वेळेत किंवा जेवणात असली पाहिजे. नुसतं हरणं चालणार नाही. या नियमातून पहिल्या भागाचं कथानक मिळालं. व्यापाऱ्याकडून पावती येते, ती कन्नडमध्ये. साडीमागं काहीतरी कापलंय, पण का ते आप्पांना वाचता येत नाही. जावयाला विचारायचं नाही, हा हट्ट. ते शेजाऱ्याकडं जातात, किराणा दुकानात जातात, शेवटी दुसरीत शिकणाऱ्या नातवाला चॉकलेट देऊन वाचायला बसवतात. नातू अक्षरं लावून वाचतो पण अर्थ सांगू शकत नाही. बसवराज सगळं बघत भाकरी खात असतो.

शेवटी आक्का म्हणते, “द्या की वो त्याच्याकडं. कानडी वाचलं म्हणून कापल्यालं पैसं मराठी हुत न्हाईत.”

बसवराज वाचतो. कपात डागासाठी आहे. तो सांगतो, “मामा, माझ्या भावाच्या पावतीवर बी हेच लिवलंय.” भाऊ खासबागेत मागावर आहे. पहिल्यांदा दोघं एका कागदावर वाकतात.

*शेवटचं वाक्य.* प्रत्येक प्रवेशाचं शेवटचं वाक्य आक्काला किंवा मुलीला द्यायचं ठरलं. आप्पा आणि बसवराज यांच्यात कोण जिंकलं हा प्रश्न त्यामुळं मागं पडतो.

*कन्नड वाक्यं.* मोडकी मराठी बोलणारा कन्नड माणूस हा सीमाभागातल्या एकांकिकांचा जुना आणि सोपा विनोद आहे. तो पूर्ण बंद केला. बसवराज आईशी फोनवर बोलतो तेव्हा सरळ कन्नड बोलतो. भाषांतर नाही, अर्थ आक्काच्या उत्तरातून कळतो. इथल्या प्रेक्षकाला एवढी कन्नड समजते, त्याचा मान राखायला हवा.

*नेपथ्य.* वर्ग नेपथ्यातून आधी कळतो आणि संवादातून नंतर. १९५५ च्या ‘द हनिमूनर्स’मध्ये बस ड्रायव्हर राल्फ क्रॅमडेनच्या घरात टेबल, मोरी आणि बर्फाची पेटी याखेरीज जवळजवळ काही नव्हतं, आणि तेवढंच पुरेसं होतं. आर्चीची खुर्ची तर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवली आहे. गटानं पहिल्या खर्ड्यातला सोफा काढला. हाताची एकच प्लास्टिक खुर्ची ठेवली, बाकीचे चटईवर. त्या खुर्चीत कोण बसतं यावर दोन प्रवेश उभे राहिले. मागांचा खरा आवाज शेडमध्ये नोंदवून आणला, पण पूर्ण आवाजात लावला की संवाद बुडत होते. शेवटी तो फक्त दार उघडल्यावर ऐकू यायचा आणि दार बंद झालं की तुटायचा.

*राजकारणाचं नाव.* ‘येस मिनिस्टर’ या ब्रिटिश मालिकेत मंत्री हॅकर यांचा पक्ष कोणता, हे एकदाही सांगितलेलं नाही. त्यामुळं टीका कारभारावर राहते आणि कुणा एका पक्षाच्या माणसाला ती झटकून टाकता येत नाही. गटानं कोणतीही मराठी समिती, कन्नड वेदिका, पक्ष किंवा नेता संहितेत आणला नाही. यावर गटातच जोरदार वाद झाला आणि एक ज्येष्ठ सभासद बाजूला झाले. त्यांचं म्हणणं असं की १९५६ पासून चाललेला प्रश्न निनावी करणं म्हणजे त्यातलं पाणी काढून घेणं. त्यांचा मुद्दा हलका नव्हता. गटानं त्यावर घेतलेली भूमिका अशी की प्रश्न घरात राहू द्यायचा, फलक बाहेर ठेवायचा.

*तारीख, जागा, फलक.* ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा टाळला. सीमाभागात गावोगावची मराठी साहित्य संमेलनं हिवाळ्यात भरतात, त्या हंगामाला धरून जानेवारी घेतला. उघड्या मैदानाऐवजी बंद सभागृह घेतलं, कारण रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही आणि असा प्रयोग सुरू व्हायलाच साडेनऊ सहज वाजतात. फलकावर कन्नड वर, मराठी खाली. आस्थापनांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा नियम २०२४ मध्ये कायद्यात आला. कार्यक्रमाच्या फलकाला तो लागतो का, यावर वाद घालत न बसता तेच प्रमाण ठेवलं.

*दुसरं वाचन.* या वेळी माणसं ओळखीनुसार बसू दिली नाहीत. दहा-दहांचे गट, प्रत्येकात मागावरचे, पगारदार आणि कन्नड बोलणारे. नोंदीतल्या हशावर संहितेच्या कडेला तीन खुणा केल्या: सगळे हसले, काही जण हसले, अपेक्षित तिथं हसले नाहीत. ‘काही जण’ ही खूण जिथं आली ते प्रत्येक वाक्य पुन्हा तपासलं. वाचन संपल्यावर एकच प्रश्न विचारला: शेवटी कोण बरोबर ठरलं? पहिल्या वाचनानंतर बहुतेकांचं उत्तर आप्पा होतं. या वेळी उत्तरं पांगली. ‘आक्का’ म्हणणारे बरेच होते आणि कित्येकांनी प्रश्न सोडून व्यापाऱ्याबद्दल बोलायला सुरुवात केली.

निकाल

सहाऐवजी चार भाग झाले. पावतीचा भाग सर्वांत चालला. बसवराज वाचायला लागतो तिथं सभागृह गप्प होतं आणि आक्काच्या वाक्यावर सगळं एकदम हसतं, हे प्रत्येक प्रयोगाला घडलं. आप्पा लोकप्रियच राहिले. त्यांच्या वाक्यांना अजूनही कुठंतरी एखादी टाळी पडते, पण पुढच्या तीन पानांत ती थंडावते. मागावरच्या बायका पुन्हा आल्या.

चौथा भाग पडला. त्यात दोघं मिळून व्यापाऱ्याकडं जाब विचारायला जातात आणि व्यापारी रंगमंचावर येतो. तो आल्याबरोबर संवादांची भाषणं झाली आणि हशा बंद पडला. तो न दिसणं हाच पहिल्या तीन भागांचा कणा होता, हे प्रयोगानंतर उमगलं. कन्नड भाषिक प्रेक्षक अपेक्षेपेक्षा कमी आले. जे आले ते बहुतेक गटातल्या कुणाच्या ना कुणाच्या शेजारचे.

वेगळं काय करता आलं असतं

मागावर काम करणारी एक बाई लेखनाच्या पहिल्या बैठकीपासून हवी होती. पहिल्या खर्ड्यात आप्पांना महिन्याची पेन्शन होती आणि शेजारणीला ‘मेल’चा विनोद. ती असती तर दोन्ही पहिल्याच दिवशी खोडले गेले असते आणि जाहीर वाचनात कुणाला उठून जावं लागलं नसतं.

कन्नड वाक्यं मराठी लेखकांनी लिहून नंतर तपासून घेतली. ती बरोबर होती पण बेळगावची नव्हती, पुस्तकी होती. ती कन्नड बोलणाऱ्या माणसानंच लिहायला हवी होती. प्रेक्षक कमी येण्याचा याच्याशी संबंध असावा, असं गटातल्या काहींना वाटतं आणि ते पटण्यासारखं आहे.

पहिलं वाचन फक्त ओळखीच्या मराठी माणसांपुढं ठेवणं ही घाई होती. तिथं मिळालेल्या टाळ्यांनी दोघा लेखकांना बराच काळ वाटत राहिलं की संहिता उत्तम आहे.

बाजूला झालेल्या सभासदाशी बोलणं अर्धवट सुटलं. काळ्या दिवसाच्या सकाळी आप्पांच्या घरात काय होतं, यावर स्वतंत्र भाग लिहिता आला असता. त्या दिवशीही मजुरी साडीवरच असते, मग माग बंद ठेवायचा की नाही, हा प्रश्न आप्पांना आणि बसवराजला वेगवेगळ्या बाजूंनी पडला असता. तो भाग गटाकडं अजूनही नाही.

निपाणीहून प्रयोगाचं बोलावणं आहे. तिथं ही संहिता तशीच चालणार नाही. तिथं बिड्या वळल्या जातात, मजुरी हजार बिड्यांवर असते आणि पैसा बऱ्याच घरांत बाईच्या हातानं येतो. मग ती एकमेव खुर्ची आक्काची होते, आणि आप्पा चटईवर बसून जे बोलतील ते सगळं नव्यानं लिहावं लागेल. त्या लेखनाच्या पहिल्या बैठकीला बिडी वळणाऱ्या दोन बायकांना बोलावलं आहे.